न भेटलेल्या माणसासाठी शोक

दुःखितांचे सांत्वन हे आपल्या सेवाकार्याचे नित्याचे अंग आहे. धर्मग्रामात कोणाच्या घरी मृत्यू झाला की आपण त्या घरी जातो, प्रार्थना करतो, अंत्यविधी करतो आणि पुढे महिन्याने व वर्षाने स्मरणाची मिस्सा अर्पण करतो. अशा वेळी आपला सहसा गोंधळ होत नाही, कारण कोणी कोणासाठी रडावे हे समाजाने ठरवून दिलेले असते. विधवा कोण, पोरके कोण, खांदा कोणी द्यावयाचा, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु जन्मात ज्याची भेट झाली नाही अशा माणसासाठी एखादी तरुणी आपल्यापुढे येऊन रडू लागली, तर तिला काय सांगावे याचे शिक्षण आपल्यापैकी बहुतेकांना सेमिनरीत मिळालेले नाही. मलाही ते मिळाले नव्हते, आणि त्यामुळे माझ्या हातून एक चूक घडली. त्या चुकीच्या निमित्ताने या प्रकारच्या शोकाचा जो विचार मला करावा लागला, तो धर्मगुरू व धर्मशिक्षक बंधुभगिनींपुढे ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. एक प्रसंग

२ सप्टेंबर २०२१ रोजी सिद्धार्थ शुक्ला या दूरचित्रवाणीवरील अभिनेत्याचे मुंबईत आकस्मिक निधन झाले. त्याचे वय ४० वर्षांचे होते. जुहूच्या कूपर रुग्णालयात त्याला आणले तेव्हा प्राण गेलेले होते. हृदयविकाराचा झटका आल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. दुसऱ्या दिवशी ओशिवरा येथील स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले. देशभरातील त्याच्या चाहत्यांनी, विशेषतः तरुण मुलामुलींनी, जो शोक केला तो पाहून वडीलधारी मंडळी चकित झाली, आणि थोडी चिडलीही.

त्या आठवड्याच्या रविवारी सीमाभागातील एका धर्मग्रामात मी तरुणांचा वर्ग घेत होतो. कोरोनाचे निर्बंध असल्यामुळे दहाबारा जणच अंतराअंतरावर बसले होते. वर्ग संपता संपता महाविद्यालयात नुकतीच गेलेली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "फादर, आजच्या मिस्सात सिद्धार्थसाठी प्रार्थना कराल का?" मागच्या बाकावरची मुले हसली. मीही हसण्यावारी नेत म्हणालो, "अगं, त्या माणसाने तुझे नाव तरी कधी ऐकले होते का?" सारा वर्ग हसला. मुलगी खाली बसली, आणि त्यानंतर वर्गाला आली नाही.

महिन्याभराने मी तिच्या घरी गेलो. तिची आई त्राग्याने म्हणाली, "फादर, हिचा सख्खा मामा मे महिन्यात कोरोनाने गेला. तेव्हा हिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आणि त्या नटासाठी चार दिवस जेवली नाही ही!" स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मुलीने मान वर न करता उत्तर दिले, "मामाला कुठे पाहू दिलं आपल्याला? ह्याचं निदान टीव्हीवर तरी दिसलं."

यावर मला काही बोलता आले नाही. हसण्याच्या त्या एका क्षणात मी एका खऱ्या शोकाकडे पाठ फिरवली होती, हे मला तेव्हा कळले.

२. ही जवळीक कशी निर्माण होते?

पडद्यावरच्या माणसाविषयी वाटणाऱ्या जवळिकीचा अभ्यास नवा नाही. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन व आर. रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी याविषयी एक निबंध लिहिला. दूरचित्रवाणीवरील व्यक्ती प्रेक्षकाकडे पाहून बोलते, ठरलेल्या वेळी त्याच्या घरात येते, आपले स्वभावविशेष दाखविते. त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात तिच्याशी ओळख जडते, जरी ती व्यक्ती प्रेक्षकास ओळखत नसली तरी, असे त्यांनी दाखवून दिले. ही ओळख एकतर्फी असते, आणि तशी ती आहे हे प्रेक्षकालाही ठाऊक असते. तो वेडा नसतो. मात्र ओळखीच्या चेहऱ्याविषयी आपुलकी वाटावी अशीच मनाची घडण असल्यामुळे हे ज्ञान त्या आपुलकीला अडवू शकत नाही.

सिद्धार्थ शुक्ला याचे उदाहरण घेतल्यास ही प्रक्रिया स्पष्ट होते. 'बालिका वधू' ही मालिका २१ जुलै २००८ रोजी सुरू झाली आणि ३१ जुलै २०१६ रोजी संपली. राजस्थानातील बालविवाहाची ही कथा सोमवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी घराघरांत पाहिली जाई. २०१२ पासून तीत शिव नावाच्या सज्जन जिल्हाधिकाऱ्याची भूमिका त्याने केली; लहानपणी लग्न होऊन पुढे टाकल्या गेलेल्या आनंदीला सन्मानाने स्वीकारणारा असा हा शिव होता. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा नगरांत, जेथे आपल्या मराठी घरांतही संध्याकाळी हिंदी मालिका लागतात, तेथे हा माणूस वर्षानुवर्षे जेवणाच्या वेळी घरात येत राहिला. ज्या मुली तेव्हा आठदहा वर्षांच्या होत्या, त्या त्याच्या मृत्यूसमयी अठरावीस वर्षांच्या होत्या.

त्यानंतर तो 'बिग बॉस' या कार्यक्रमाच्या तेराव्या पर्वात आला. हे पर्व २९ सप्टेंबर २०१९ ते १५ फेब्रुवारी २०२० पर्यंत चालले व त्यात तो विजयी ठरला. या कार्यक्रमात लिहून दिलेली भूमिका नसते. काही माणसांना एका घरात कोंडून त्यांचे उठणे, जेवणे, भांडणे, समजूत काढणे, आजारी पडणे हे सर्व कॅमेऱ्यांनी टिपले जाते. साडेचार महिने प्रेक्षकांनी त्याला असे पाहिले. सहस्पर्धक शहनाझ गिल हिच्याशी त्याची जी मैत्री जुळली, तिच्यावरून चाहत्यांनी दोघांचे मिळून एक जोडनावच तयार केले. हे पर्व संपल्यानंतर काही आठवड्यांतच, मार्च २०२० मध्ये, देशभर टाळेबंदी लागली. शाळा, महाविद्यालये, मित्रमंडळी सर्व बंद झाली. एकेकट्या पडलेल्या मुलांच्या हातांत मोबाइल राहिला आणि त्यात हा ओळखीचा चेहरा राहिला. आपण धर्मगुरूसुद्धा त्या काळात त्यांच्या घरी जाऊ शकत नव्हतो, हे येथे लक्षात घ्यावे.

३. हा शोक खोटा आहे काय?

असा शोक करणाऱ्याचे नक्की काय हरवते, हे नीट पाहिले असता तीन गोष्टी आढळतात. पहिली, रोजचा एक सोबती हरवतो. दुसरी, स्वतःच्या आयुष्याचा एक काळ हरवतो. आजीच्या शेजारी बसून मालिका पाहिली ती संध्याकाळ आता आजीसह गेली, याची जाणीव नटाच्या मृत्यूने होते. तिसरी, सुरक्षिततेची भावना हरवते. व्यायामाने शरीर कमावलेला, रात्री धडधाकट असलेला चाळिशीचा माणूस सकाळी नाहीसा होतो, तेव्हा तरुण मनाला स्वतःच्या व आपल्या वडिलांच्या मरणाची पहिल्यांदाच भीती वाटते.

यांखेरीज चौथी एक गोष्ट आहे व ती पाळकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. जुना, अडकून राहिलेला शोक नव्या निमित्ताने वाट काढतो. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कित्येक कुटुंबांना आपल्या माणसाचे मुखही पाहता आले नाही. ना घरी प्रार्थना झाली, ना शेजारी जमले. त्या मुलीच्या मामासाठी रडण्याची वेळ, जागा आणि सोबत, तिन्ही तिला मिळाली नव्हती. चार महिन्यांनी एका परक्याच्या अंत्ययात्रेत तिला ती सापडली. अशा रडण्यात सारा वाटा त्या नटाचाच असतो असे नव्हे.

केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने, जो लुथरन पंथाचा दीक्षित पाळकही आहे, १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात समाजमान्यता नसलेल्या शोकाचे विवेचन केले. जो शोक उघडपणे करता येत नाही, ज्याची दखल कोणी घेत नाही आणि ज्याला आधार मिळत नाही, तो अधिक काळ टिकतो व अधिक छळतो, असा त्या विवेचनाचा आशय आहे. थट्टा केल्याने शोक संपत नाही. तो फक्त आपल्यापासून लपविला जातो.

या ठिकाणी संत आगुस्तीनचा दाखला कोणी पुढे करील. 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या पहिल्या भागात तो खेदाने सांगतो की, शाळेत असताना काव्यातील डायडो राणीच्या मरणावर आपण रडलो, पण देवापासून दुरावलेल्या स्वतःच्या जीवावर रडलो नाही. तिसऱ्या भागात कार्थेज येथील नाट्यगृहात मिळणाऱ्या दुःखाच्या सुखावर त्याने टीका केली आहे. तेव्हा नटासाठी रडणे हे त्याच जातीचे नव्हे काय? मला वाटते, नव्हे. डायडोचे मरण कल्पित होते. शुक्ला हा खराच माणूस होता, त्याला खरीच आई होती, आणि तो खराच मेला. शिवाय त्याच ग्रंथाच्या नवव्या भागात, आई मोनिका हिच्या मृत्यूनंतर अश्रू आवरून धरलेला आगुस्तीन अखेर एकांतात थोडा वेळ रडतो व त्या रडण्याची थट्टा करू नये अशी वाचकाला विनंती करतो. पहिला दाखला देणाऱ्याने हा दुसराही वाचावा.

४. शास्त्रातील लोकशोक

पवित्र शास्त्रात न भेटलेल्या माणसासाठी केलेल्या शोकाची उदाहरणे आहेत. योशीया राजा आठव्या वर्षी गादीवर बसला व एकतीस वर्षे राज्य करून युद्धात जखमी होऊन मरण पावला. म्हणजे मरणसमयी त्याचे वय ३९ वर्षांचे. सर्व यहूदा व यरुशलेम यांनी त्याच्यासाठी शोक केला, यिर्मयाने विलापगीत रचले, गाणाऱ्या स्त्रीपुरुषांनी ते चालू ठेवले, आणि तो इस्राएलात एक प्रघातच पडला (२ इतिहास ३५:२४-२५). शोक करणाऱ्या त्या हजारोंपैकी किती जणांशी राजा कधी बोलला असेल? शौल व योनाथान पडले तेव्हा दावीदाने केवळ स्वतः विलाप केला नाही. तो विलाप यहूदाच्या लोकांना शिकवावा अशी आज्ञा केली (२ शमुवेल १:१७-१८).

या दोन्ही ठिकाणी शोकाला शब्द दिलेले आहेत, तो एकत्र मिळून केला जातो, आणि त्याला एक आकार आहे. सिराकच्या ग्रंथात (३८:१६-२३) याला मर्यादेची जोड दिलेली आहे: मृतासाठी अश्रू ढाळावे, त्याचे संस्कार यथायोग्य करावे, आणि मग सांत्वन स्वीकारून अंतःकरण दुःखाच्या स्वाधीन करू नये.

आजच्या चाहत्यांच्या शोकात उणीव आहे ती या आकाराची. वृत्तवाहिन्यांनी त्यांना चित्रे दिली. ओशिवरा येथे शोकाकुल माणसांच्या तोंडावर कॅमेरे रोखले गेले व त्याबद्दल कलावंतांनीच नापसंती व्यक्त केली. पण चित्रे पुन्हा पुन्हा पाहणे म्हणजे शोक करणे नव्हे. याउलट ६ सप्टेंबर रोजी कुटुंबीयांनी ब्रह्माकुमारी परंपरेनुसार ऑनलाइन प्रार्थनासभा ठेवली व चाहत्यांनाही तीत सहभागी होऊ दिले. स्वतः दुःखात असलेल्या कुटुंबाने परक्यांच्या दुःखालाही जागा दिली, यातून आपण शिकण्यासारखे आहे.

५. दोन धोके

आकार न मिळालेला शोक दोन दिशांनी भरकटतो.

पहिला धोका, दोषी शोधण्याचा. १४ जून २०२० रोजी सुशांत सिंह राजपूत हा ३४ वर्षांचा अभिनेता मुंबईतील राहत्या घरी मृतावस्थेत आढळला. मुंबईतील मराठी कुटुंबांची कथा सांगणाऱ्या 'पवित्र रिश्ता' या मालिकेतील मानव देशमुख म्हणून तो आपल्या घरांतूनही परिचित होता. त्याच्यासाठी झालेला शोक पाहता पाहता आरोपांत बदलला. महिनोन्‌महिने वाहिन्यांवर जणू खटला चालला आणि त्याच्या निकटच्या एका तरुण अभिनेत्रीवर शिव्याशापांचा वर्षाव झाला. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास बंद करण्याविषयीचे अहवाल न्यायालयात सादर केले. मधल्या काळात जे बोलले गेले ते परत घेता येत नाही. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा दोषाचे माप काढणाऱ्यांना प्रभूने थांबविले व त्यांचे लक्ष त्यांच्या स्वतःच्या परिवर्तनाकडे वळविले (लूक १३:४-५). संतापलेल्या चाहत्याशी बोलताना हा उतारा शांतपणे वाचावा. पण तो ओरडून वाचू नये.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. प्रसिद्ध व्यक्तीने आत्महत्या केल्याचे वृत्त ठळकपणे प्रसिद्ध झाल्यावर आत्महत्यांची संख्या वाढते, हे डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने १९७४ साली आकडेवारीने मांडले. यासाठीच भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्ये अशी वृत्ते संयमाने देण्याविषयी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. आपल्या प्रवचनांनाही हाच संयम लागू आहे. मृत्यूची रीत वर्णू नये, एकच एक कारण सांगू नये, मृताचा गौरव करताना त्या कृत्याचा गौरव होऊ देऊ नये, आणि मृताला दोषीही ठरवू नये. कोणी मुलगा वा मुलगी "मलाही जगावेसे वाटत नाही" असे म्हणाली, तर ते लाडिक बोलणे समजू नये. तसे विचार मनात येतात काय, हे स्पष्टपणे विचारावे, तिला एकटे सोडू नये, घरच्यांना जवळ बोलवावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. टेलि-मानस ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक धर्मशिक्षकाच्या वहीत असावा.

६. आपण काय करावे?

प्रथम, हसू नये आणि लगेच उपदेशही करू नये. विचारावे: तुला त्याच्यातले काय आवडत असे? तू त्याला कधीपासून पाहत होतीस? तेव्हा तुझ्या शेजारी कोण बसत असे? या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात पुष्कळदा खरा शोक सापडतो.

दुसरे, प्रार्थनेला नकार देऊ नये. मृत व्यक्ती आपल्या धर्माची नव्हती ही अडचण नव्हे. ज्यांची श्रद्धा केवळ देवालाच ठाऊक, अशा सर्व मृतांचे स्मरण ख्रिस्तसभा मिस्सामध्ये करतेच. मात्र ती प्रार्थना साधी असावी. मृतासाठी, त्याच्या आईसाठी व घरच्यांसाठी. आपल्या वेदीवरून नटाचे चरित्र सांगण्याची गरज नाही, आणि त्याच्या कुटुंबाच्या श्रद्धेविषयी मत देण्याचीही नाही.

तिसरे, शोकाला कृतीची वाट द्यावी. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार वयाच्या ४६ व्या वर्षी अकस्मात वारले. बेळगावकडील आपल्या वाचकांना ते दिवस आठवत असतील. त्यांचे नेत्रदान करण्यात आले, त्यातून चौघांना दृष्टी मिळाली, आणि पाठोपाठ असंख्य चाहत्यांनी नेत्रदानाचे संकल्प केले. शोक करणाऱ्याच्या हाताला काम मिळाले की त्याचे मन हळूहळू जिवंत माणसांकडे वळते. एखाद्या आजाऱ्याला भेटणे, रक्तदान करणे, विसरलेल्या आजीला पत्र लिहिणे, एवढेही पुरेसे असते.

चौथे, पडद्याविषयी बोलायचे ते नंतर बोलावे. एकतर्फी ओळख हे पाप नाही, पण ती एकटीच पुरत नाही. आपले नाव घेऊन हाक मारणारी माणसे मनुष्याला लागतात. हे सत्य शोकाच्या आठवड्यात सांगितले तर टोमणा वाटतो. दोन महिन्यांनी, त्या मुलाला वा मुलीला आपण चारदा नावाने हाक मारलेली असेल, तर ते न सांगताही पटते.

त्या मुलीची मी क्षमा मागितली. ती लगेच वर्गाला आली नाही, आणि मी आग्रहही केला नाही. २ नोव्हेंबर २०२१ रोजी, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, दरवर्षीप्रमाणे लोकांनी आपापल्या मृतांच्या नावांच्या चिठ्ठ्या वेदीपाशी ठेवल्या. एका चिठ्ठीवर दोन नावे होती. वर मामाचे, आणि खाली, जरा लहान अक्षरांत, सिद्धार्थचे. मी दोन्ही नावे एकाच आवाजात वाचली. मागच्या बाकांवरून या वेळी कोणी हसले नाही. मिस्सा झाल्यावर माय-लेकी दोघी मामाच्या थडग्यावर मेणबत्ती लावण्यासाठी दफनभूमीकडे गेल्या. मे महिन्यानंतर त्या तेथे प्रथमच जात होत्या.